भोंग्याची गोष्ट आणि ध्वनीसाठी शून्य रुपये

पत्र

मी नागपुरात जनसंवाद शाखेच्या अंतिम वर्षात जाणारी विद्यार्थिनी आहे. आम्हा सहा जणांना प्रकल्प म्हणून लघुपट करायचा असून तो पुढच्या मार्चअखेर सादर करायचा आहे. एम्प्रेस मिलमध्ये आयुष्य काढलेल्या एका आजोबांची ही गोष्ट आहे. गिरणी बंद होऊन इतकी वर्षे झाली, तरी भोंगा ऐकू आल्यासारखे ते पहाटे उठून डबा मागतात आणि त्यांची नऊ वर्षांची नात त्यांना तो भरून देते. संहिता २२ पानांची असून तीत १४ ठिकाणे आहेत. गिरणीच्या दिवसांचा फ्लॅशबॅक, मेट्रोतला एक प्रसंग आणि अंबाझरी तलावावरून ड्रोनचे दृश्यही आहे. चित्रीकरण मे महिन्याच्या सुटीत पाच दिवसांत उरकायचे ठरले आहे. वर्गणीतून ४० हजार रुपये जमले. त्यातले २४ हजार कॅमेरा व लेन्सच्या भाड्याला, आठ हजार ड्रोनला आणि उरलेले जेवणखाण व प्रवासाला धरले आहेत. आवाज कॅमेऱ्याच्याच माइकवर घेणार आहोत. आजोबांच्या भूमिकेसाठी झाडीपट्टी रंगभूमीवरचे एक ज्येष्ठ नट तयार झाले आहेत, नातीचे काम एका मैत्रिणीची बहीण करणार आहे आणि शेवटी तुकडोजी महाराजांचे एक भजन वापरायचे आहे. मात्र आता आमच्यातला एक जण इंटर्नशिपसाठी पुण्याला निघाला आहे. छायाचित्रण करणारा मित्र म्हणतो की, एवढ्या पैशांत चांगला कॅमेरा मिळणार नाही. माझ्यासोबत संहिता लिहिणाऱ्या मैत्रिणीलाही दिग्दर्शन करायचे आहे. आणखी पैसे उभे करावेत, की विषयच बदलावा?
— विद्यार्थिनी, प्रतापनगर, नागपूर

उत्तर

विषय बदलू नका आणि आणखी पैशांच्या मागेही लागू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही विचारलेल्या दोन पर्यायांखेरीज तिसरा एक मार्ग आहे आणि तो पूर्णपणे तुमच्या हातात आहे. संहिता पुन्हा लिहायला घ्या, आणि तुम्ही उरलेले पाच जण, हातातले ४० हजार रुपये आणि नागपूरचे हवामान या तिन्हींना पेलेल एवढीच ती ठेवा. ही काटछाट आज शांत डोक्याने केली, तर गोष्टीतले काय राखायचे हे तुम्ही ठरवाल. आज ती टाळली, तर चित्रीकरणाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी ती आपोआप होईल, आणि त्या वेळी काय गळणार हे ऊन, उशीर आणि थकलेली माणसे ठरवतील. विद्यार्थ्यांचे लघुपट अर्धवट राहतात किंवा विस्कळीत होतात, ते बहुतेक वेळा कॅमेरा साधा होता म्हणून नव्हे, तर संहिता लिहिताना ती कोण आणि किती दिवसांत चित्रित करणार हा विचारच झालेला नसतो म्हणून, असे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे.

हिशेब करून पाहा. रूढ मांडणीत लिहिलेल्या संहितेचे एक पान पडद्यावर साधारण एक मिनिट चालते. २२ पाने पाच दिवसांत संपवायची, तर रोज साडेचार पाने व्हायला हवीत. सरावलेल्या व्यावसायिक चमूला ते जमते, पण तेही मुक्काम एकाच ठिकाणी असेल तर. तुम्हाला रोज जवळजवळ तीन ठिकाणे बदलायची आहेत. दर वेळी सामान आवरायचे, महाल भागातून अंबाझरीपर्यंत वाहतुकीतून न्यायचे, पुन्हा मांडायचे आणि नटांना पुन्हा त्या मनःस्थितीत आणायचे, यात दिवसाचा मोठा भाग निघून जाईल आणि प्रत्यक्ष अभिनयाला घाईघाईचे दोन-तीन टेक उरतील. म्हणून दहा ते बारा पाने आणि तीन ठिकाणे ही मर्यादा स्वतःवर घालून घ्या: आजोबांचे घर, घरासमोरची गल्ली आणि गिरणीची जागा. एवढ्यात ही गोष्ट मावते, आणि मला वाटते की एवढ्यातच ती अधिक चांगली होते.

फ्लॅशबॅक सगळ्यात आधी काढा. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेल्या त्या गिरणीचे आतले जग उभे करायला माग हवेत, त्या काळचे कपडे हवेत, पाळी सुटताना बाहेर पडणाऱ्या कामगारांची गर्दी हवी. यातले काहीच तुमच्याजवळ नाही आणि उसने आणले तर ते उसनेच दिसेल. शिवाय गोष्टीला त्याची गरजही नाही. गांधीसागर तलावाजवळच्या त्या जमिनीवर आज मॉल उभा आहे. धुतलेला सदरा घालून, हातात डबा घेऊन आजोबा त्या मॉलच्या दारासमोर येतात, पहाऱ्यावरचा तरुण सवयीने डबा तपासायला हात पुढे करतो आणि गिरणीच्या दारात झडती देण्याची सवय असलेले आजोबा निमूटपणे दोन्ही हात वर करतात. या एका प्रसंगात तुमचा सगळा फ्लॅशबॅक येऊन जातो. पहाऱ्यावरच्या माणसाचे काम तुमच्यातलाच कोणी करू शकेल. मॉलच्या हद्दीत चित्रीकरण करायचे, तर व्यवस्थापनाची लेखी परवानगी लागेल. ती मिळाली नाही, तर झडतीचा प्रसंग एखाद्या साध्या लोखंडी फाटकाशी जवळून घ्या आणि मॉल समोरच्या रस्त्यावरून दुरून दाखवा. रस्त्यावर उभे राहण्याआधी विभागप्रमुखांचे पत्र घेऊन स्थानिक पोलिस ठाण्यात अर्ज द्या. लपूनछपून चित्रीकरण केल्याने काम मध्येच थांबते आणि ज्येष्ठ नटाला रस्त्यात अवघडून उभे राहावे लागते.

मेट्रोचा प्रसंग प्रेक्षकाला शहर बदलल्याचे सांगतो, पण ते मॉलने सांगून झालेले आहे, त्यामुळे महामेट्रोच्या परवानगीसाठी खटपट करण्याचे कारण उरत नाही. ड्रोनच्या बाबतीत २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत, आणि विमानतळ व हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय असलेल्या या शहरात कोणत्या भागात उडवता येते, हे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशात पाहूनच पाऊल टाकावे लागते. पण परवानगी मिळाली तरी मी ते दृश्य घेऊ नका असेच म्हणेन. तुमची गोष्ट एका म्हाताऱ्या माणसाच्या कानांतून घडते. त्या माणसाने अंबाझरी कधी आकाशातून पाहिलेली नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे उत्तर एवढे लांबवतो आहे, त्याकडे येतो. न वाजणारा भोंगा ऐकणाऱ्या माणसावर तुम्ही लघुपट करीत आहात आणि ४० हजारांच्या अंदाजपत्रकात ध्वनीच्या नावापुढे एक रुपयाही नाही. कॅमेऱ्यावरचा माइक कॅमेऱ्याच्या जागेवरून ऐकतो. नट खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर त्याच्या आवाजाआधी भिंतींचा घुमारा, पंख्याची घरघर आणि कॅमेरा हाताळणाऱ्याच्या बोटांची खुडबूड त्यात उतरते, आणि ती नंतर संगणकावर पुरती साफ होत नाही. थोडे अंधारलेले चित्र प्रेक्षक चालवून घेतो, पण न समजणारा संवाद तो दोन मिनिटांपलीकडे सहन करीत नाही. म्हणून ड्रोनचे आठ हजार रुपये इकडे वळवा. काठीला लावून नटाजवळ धरायचा एक बूम माइक, त्याची काठी, वेगळा रेकॉर्डर आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन भाड्याने घ्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाच जणांपैकी एकाला फक्त ध्वनीचे काम द्या. त्याच्याकडे चहा सांगणे, गर्दी हटवणे, क्लॅप देणे (शॉटच्या सुरुवातीला पाटी वाजवणे) यातले काहीही सोपवू नका, आणि आवाज खराब झाला असे त्याने सांगितले तर तो टेक बाद धरा, मग अभिनय कितीही चांगला झालेला असो.

तंत्राच्या गोष्टी थोड्या आहेत. ध्वनी ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर घ्या. काठी चौकटीच्या अगदी कडेपर्यंत, नटाच्या डोक्याच्या वरून थोडी पुढे, तोंडाच्या रोखाने धरा. प्रत्येक शॉटला क्लॅप द्या, म्हणजे संकलनात चित्र आणि आवाज जुळवणे सोपे जाते. प्रत्येक खोलीत काम संपल्यावर सगळ्यांना जागच्या जागी उभे करून एक मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करा. दोन संवादांच्या मधले तुकडे जोडताना त्या खोलीची हीच शांतता उपयोगी पडते. फ्रिज बंद करावा लागेल. तो बंद करताना गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवण्याची जुनी पद्धत आहे, म्हणजे निघताना किल्ली शोधायला फ्रिज उघडावाच लागतो आणि तो सुरू करायचे राहून ज्यांनी घर वापरायला दिले त्यांचे दूध नासत नाही. ठिकाण पाहायला जाल तेव्हा ज्या वेळी चित्रीकरण करायचे त्याच वेळी जा, आणि डोळे मिटून थोडा वेळ नुसते बसा. दिसायला सुंदर असलेला महालातला वाडा कानाला किती गजबजलेला आहे, हे तेव्हाच कळते.

याच कारणासाठी मे महिना सोडा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो हे तुम्हाला मी सांगायला नको, पण त्याचा ध्वनीवर काय परिणाम होतो याचा विचार तुमच्या आखणीत दिसत नाही. त्या दिवसांत दर घराच्या खिडकीला कूलर लागलेला असतो. तुम्ही तुमचा कूलर टेकपुरता बंद कराल, पण शेजारच्यांना तो बंद करा असे कोणत्या तोंडाने सांगणार? ती एकसुरी घरघर प्रत्येक संवादाच्या खाली बसेल. आणि बंद खोलीत, कूलरशिवाय, दिव्यांच्या उष्णतेत एक ज्येष्ठ नट आणि एक नऊ वर्षांची मुलगी यांना टेकमागून टेक द्यायला लावणे योग्यही नाही. प्रकाशाच्या बाजूनेही तो काळ वाईट आहे. नागपूरचा शून्य सावली दिवस मे महिन्याच्या अखेरीस, २६ तारखेच्या आसपास येतो. त्याच्या मागेपुढे दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असल्याने कपाळ उजळते, डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो आणि चेहरा वाचता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत तोच सूर्य भर दुपारीही आकाशात निम्म्याच उंचीपर्यंत, साधारण ४५ अंशांवर चढतो, त्यामुळे गल्लीत दिवसभर तिरपा, मऊ प्रकाश मिळतो. कूलर माळ्यावर गेलेले असतात आणि पहाटे शहर खरोखर शांत असते.

डिसेंबरात मात्र विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बहुधा नागपुरात असते. त्या दिवसांत पोलिस बंदोबस्तात अडकलेले असल्याने तुमच्या अर्जाकडे पाहायला कोणाला सवड मिळणार नाही. विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षाही त्याच सुमारास असतात. संक्रांतीला घरोघरी गच्चीवर पतंग आणि ध्वनिक्षेपक असतात, तेव्हा संवाद टिपणे अशक्यच. म्हणून जानेवारीचा पहिला आठवडा धरा आणि चार दिवस ठरवा. मार्चअखेरपर्यंत संकलनाला आणि ध्वनी जुळवायला पुरेसा अवधी राहतो.

यात एक खरी अडचण आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीचा हंगाम सुरू होतो आणि तुमचे ज्येष्ठ नट तेव्हा गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया अशा भागांत रात्रीच्या प्रयोगांत गुंतलेले असतील. रात्रभर नाटक करून आलेल्या माणसाला सकाळी कॅमेऱ्यापुढे उभे करू नका. आत्ताच त्यांना भेटून, प्रयोग नसलेले सलग दोन किंवा तीन दिवस कोणते हे विचारा आणि त्यांची सगळी दृश्ये त्यातच बसवा. नुसत्या नातीची दृश्ये, गल्ली, वस्तूंचे जवळचे शॉट हे उरलेल्या दिवसांत होतील. तारखा जुळल्याच नाहीत, तर राज्य नाट्य स्पर्धेत काम करणाऱ्या नागपूरच्या हौशी कलावंतांत शोध घ्या. पण आधी त्यांच्यासाठी प्रयत्न करा, कारण त्या वयाचा आणि त्या मातीचा चेहरा सहज मिळत नाही. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याची त्यांची सवय कॅमेऱ्यापुढे जड होते, तेव्हा त्यांना घरी बोलावून, नातीशी नुसत्या गप्पा मारायला लावून, त्याच पट्टीत संवाद म्हणायला सांगा. आणि ते संवाद नागपुरी बोलीत असू द्या. “मला उशीर होत आहे, माझा डबा दे” असे गिरणीत आयुष्य गेलेला माणूस घरात बोलत नाही. “उशीर होऊन रायला मले, डबा दे ना वं” असे तो म्हणेल. संवादाचा आशय त्यांना सांगा, त्यांच्या तोंडून तो कसा येतो ते ऐका आणि मग कागदावर उतरवा.

पहाटेच्या प्रसंगाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमचा लघुपट त्यावर उभा राहील. पावणेसहाला खोलीत पिवळा दिवा आहे, खिडकीबाहेर अंधार आहे, आजोबा पलंगाच्या कडेला बसलेले आहेत. इथे भोंगा ऐकवायचा की नाही? तुमच्या पत्रावरून तो ऐकवायचे ठरलेले दिसते. मी तसे करू नका असे सुचवीन. भोंगा प्रेक्षकाला ऐकू आला की तो आजोबांच्या डोक्यात शिरतो खरा, पण नातीची जागा रिकामी होते, आणि भोंगा ऐकू येत नसतानाही डबा भरणारी ती मुलगी हाच या गोष्टीचा प्राण आहे. त्याऐवजी पहाटेचे खरे आवाज एकावर एक ठेवा: रस्ता झाडणाऱ्या खराट्याचा आवाज, नळाचे पाणी बादलीत पडू लागल्याचा आवाज, दूरवर एखाद्या गाडीची शिटी. नागपूर हे मोठे जंक्शन असल्याने ती शिटी शहरात पहाटे लांबवर ऐकू येते. शिटी वाजते, आजोबांचे सदऱ्याच्या बटनावरचे बोट थांबते, मान किंचित वळते, मग हा आपला भोंगा नव्हे हे ओळखून बोट पुन्हा चालू लागते. एवढ्याने प्रेक्षकाला कळते की हा माणूस कशाची वाट पाहतो आहे. हे सगळे आवाज चित्रीकरणापासून वेगळे, एखाद्या पहाटे रेकॉर्डर घेऊन तुम्ही टिपू शकता. त्यामुळे प्रत्यक्ष प्रसंग पहाटे चित्रित करण्याचेही कारण नाही. जानेवारीच्या आरंभी पावणेसहाच्या आसपास सूर्य मावळतो, तेव्हा संध्याकाळी सव्वासहानंतर खिडकीबाहेर तोच अंधार मिळेल आणि लहान मुलीला थंडीत पहाटे उठवावे लागणार नाही.

त्या मुलीबाबत आणखी एक. चित्रपटात काम करणाऱ्या बालकांसाठी १९८६ च्या बालकामगारविषयक कायद्याखालील नियमांत स्पष्ट मर्यादा आहेत: दिवसात पाच तासांहून अधिक काम नाही, सलग तीन तासांहून अधिक नाही आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. तुमचे काम विनामोबदला आणि शिक्षणाचा भाग असले, तरी वेळेच्या मर्यादा काटेकोर पाळा आणि परवानगीबाबत महाविद्यालयामार्फत जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारणा करा. तिची आई किंवा वडील पूर्णवेळ सोबत असावेत. संध्याकाळी घ्यायचा तो पहाटेचा प्रसंग सोडला, तर तिची दृश्ये रोज सर्वांत आधी घ्या.

तुमच्या छायाचित्रकार मित्राला हे उत्तर वाचायला द्या. तीन ठिकाणे आणि चार दिवस एवढेच काम उरल्यावर कॅमेऱ्याचे भाडेही कमी होईल आणि साधा कॅमेरा किंवा चांगला मोबाइलही पुरेल. त्याने चित्र सेकंदाला २५ चौकटींवर आणि शटरचा वेग सेकंदाच्या १/५० वर ठेवावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने या मापावर ट्यूबलाइट आणि एलईडी दिव्यांचा लुकलुकाट सहसा येत नाही. मोबाइल वापरला, तर चौकटींचा वेग स्थिर राखणारे ॲप घ्यावे, नाहीतर वेगळा घेतलेला आवाज ओठांपासून हळूहळू सरकत जातो. फोकस आणि प्रकाशाचे माप दोन्ही स्वयंचलित न ठेवता हाताने ठरवून कायम ठेवावेत. सेकंदाला शंभर मेगाबिटच्या दराने घेतलेले एक तासाचे चित्रण साधारण ४५ गिगाबाइट जागा खाते, तेव्हा पुरेशा हार्ड डिस्क आधीच जमवा. रोज रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रती उतरवून त्या उघडून पाहिल्याशिवाय कोणीही कार्ड पुसायचे नाही, आणि त्या दोन डिस्क एकाच घरी ठेवायच्या नाहीत.

तुकडोजी महाराजांच्या भजनाची निवड मला मनापासून आवडली, पण ते सार्वजनिक आहे असे गृहीत धरू नका. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. महाराजांचे निधन १९६८ मध्ये झाले, म्हणजे ती मुदत २०२८ च्या अखेरीस संपते. तोवर आजोबांनी भजन गुणगुणले तरी हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी संमती हवी, आणि ती विनंती तुम्ही अवश्य करा. तुकोबांच्या अभंगाचे शब्द मुक्त आहेत, मात्र कोणा गायकाने गायलेली त्याची ध्वनिमुद्रिका मुक्त असेलच असे नाही. संमती मिळाली नाही, तर ओळखीच्या एखाद्या भजनी मंडळातल्या वादकाकडून नुसती खंजिरी वाजवून घ्या आणि त्याची लेखी परवानगी फाइलला लावा. शब्दांशिवायची खंजिरीही इथल्या माणसाला नेमकी कुठली ते कळते.

जेवणाचे पैसे कमी करू नका. सकाळी तर्री-पोहे चालतील, पण दुपारी बसून पोटभर जेवण आणि त्यासाठी पूर्ण एक तास द्या. पैसे न घेता राबणाऱ्या मित्रांना तुम्ही एवढे तरी देऊ शकता. पुण्याला जाणाऱ्या मित्रावर राग धरू नका. तो तिथून संकलनात हात देऊ शकतो का, उपशीर्षके करू शकतो का, हे विचारा.

राहिली तुमची मैत्रीण. पत्रात तिच्याविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण मला वाटते की पैशांपेक्षा तुम्हाला तीच जास्त सलते आहे. सेटवर नटाला सूचना एकाच व्यक्तीकडून गेली पाहिजे. दोघींनी दोन बाजूंनी सांगितले, तर ज्येष्ठ नट अदबीने दोघींचे ऐकतील आणि भूमिका मात्र कोणाचीच राहणार नाही. पण त्याचा अर्थ तिने बाजूला व्हावे असा नाही. संहितेची ही नवी काटछाट दोघींनी मिळून करा, कारण ती दोघींची आहे आणि लेखक म्हणून नावेही दोघींचीच लागली पाहिजेत. त्यानंतर दोन मार्ग आहेत: एकीने दिग्दर्शन करावे आणि दुसरीने संकलन पूर्णपणे आपल्या हातात घ्यावे, किंवा तिने सहदिग्दर्शक म्हणून वेळापत्रक आणि प्रत्येक शॉटची नोंद सांभाळावी, आणि पुढच्या लघुपटात अदलाबदल व्हावी. माझा कल पहिल्या मार्गाकडे आहे, कारण या गोष्टीत आवाजाची निवड संकलनाच्या टेबलावरच होणार आहे आणि ते काम दिग्दर्शनाइतकेच मोठे आहे. काहीही ठरवा, पण ते कागदावर लिहून पाचही जणांच्या सह्या घ्या. त्यातच मूळ चित्रण कोणाकडे राहील, महोत्सवांना लघुपट कोणाच्या नावाने जाईल आणि बक्षीस मिळाले तर वाटणी कशी होईल, हेही नोंदवा. हे बोलणे तुम्हीच सुरू करा, आणि ज्येष्ठ नटांना तारखा विचारायला जाण्याच्या आधी करा, कारण त्यांच्यापुढे जाताना दिग्दर्शक कोण हे ठरलेले असले पाहिजे.